हप्ते पाडून घ्यायची रीत

माढा तालुक्यातलं घर पूर्वीपासून दोन ठिकाणी कमवत आलं. एक भाऊ रानात, दुसरा नोकरीवर. त्याला कारण इथलं पाणी. उजनीचं धरण आमच्याच तालुक्यात, भीमेवर. पण ते 1980 साली पुरं झालं, आणि कालव्याचं पाणी शिवाराशिवारात यायला पुढं आणखी वर्षं गेली. तोवर सगळा भरवसा परतीच्या पावसावर आणि रब्बीच्या ज्वारीवर. ज्वारी साधली तर वर्ष निघायचं. नाही साधली तर कुणीतरी गाडीत बसायचं.

गाडी मात्र लवकर आली. मुंबईकडून निघालेला लोहमार्ग 1860 साली सोलापूरला पोचला तो आमच्या तालुक्यातून. 1897 पासून कुर्डुवाडी-बार्शी अशी बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी सुरू झाली. कुर्डुवाडीत रेल्वेचा कारखाना झाला. सोलापुरात 1877 पासून कापडगिरण्यांचे भोंगे वाजत होते, आणि त्याच्याही पलीकडं मुंबई होती. म्हणून माढ्याच्या कुठल्याही वाड्या-वस्तीवर जा, म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ‘साचा’, ‘पाळी’, ‘पगाराची तारीख’ हे शब्द सापडायचे.

पगारानं घरात पैसा आला तसं कर्जही आलं. शेतकऱ्याला सावकार हात आखडून द्यायचा, पण ज्याचा भाऊ नोकरीला, त्याला ओट्यावर बसवून द्यायचा. “महिन्याला मनिऑर्डर येतीया त्याच्याकडं” एवढ्यावर विहीर खणायला, बहिणीच्या लग्नाला, बैलजोडीला पैसे मिळायचे. नोकरी ही जमिनीपेक्षा पक्की तारण समजली जायची. आणि म्हणूनच नोकरी गेली की सगळं एकदम अंगावर यायचं. पाऊस गेला तर गावाला दिसतं, सावकारालाही दिसतं. नोकरी गेलेली दिसत नाही. माणूस शहरातून आला, चार दिवस राहिला, परत गेला नाही, एवढंच दिसतं. मग लोक विचारतात, आणि माणूस तोंड चुकवायला लागतो.

अशा वेळी देणेकऱ्याला देणं बुडवायचं नसतं, पण ठरलेला हप्ता काही झेपत नसतो. मग हप्ता झेपेल एवढा करून घ्यायचा. त्याला आमच्याकडं ‘हप्ते पाडून घेणं’ म्हणतात. ही रीत कुणा सावकाराच्या दयेतून आली, असा गावात समज आहे. तो खरा नाही. तिच्यामागं सोलापूर जिल्ह्याचा दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली. पुढचे काही आठवडे पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं. इतिहासाच्या पुस्तकात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. लोकांना हवी होती खतं आणि वह्या. जिथं सावकारानं कागद मुकाट्यानं दिले तिथं बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही. कागद जाळले आणि लोक घरी गेले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं 1861 ते 1865 या काळात इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या भावावर सावकारांनी सढळ हातानं कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव कोसळला, त्यातच सरकारनं शेतसारा वाढवला. देणारा तोच, घेणारा तोच, कर्जाचा कागदही तोच, पण ज्या कमाईवर तो लिहिला होता ती कमाई गेली. नोकरी गेलेल्या माणसाचं दुखणं याहून वेगळं नसतं.

सरकारनं चौकशीला कमिशन नेमलं. तेवढ्यात 1876-77 चा दुष्काळ पडला आणि त्यात सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. मग 1879 साली ‘दख्खन शेतकरी साहाय्य कायदा’ आला. तो लागू झाला चार जिल्ह्यांना : पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर. दंगा आमच्याकडं झाला नव्हता, पण कायदा आमच्याकडं आला, आणि माढ्याच्या शेतकऱ्याच्या हातात काही गोष्टी पहिल्यांदा पडल्या.

पहिली गोष्ट म्हणजे कोर्टानं नुसतं शेवटचं खत बघायचं नाही. कर्ज सुरू कुठून झालं, हातात रोख किती पडलं, व्याजाचं मुद्दल किती वेळा केलं, हे सगळं मुळापासून तपासायचं. दुसरी, हुकूमनामा झाला तरी रक्कम एकदम मागायची नाही. ऋणकोची ऐपत बघून हप्ते पाडायचा अधिकार कोर्टाला दिला. तिसरी, पैशाच्या देण्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं बंद झालं. चौथी, खटल्याआधी समेट करून देणारे पंच सरकारनं नेमले. आधी त्यांच्यापुढं बसायचं, जमलं नाही तर कोर्ट. आणि पाचवी, जी वाचताना सगळ्यात किरकोळ वाटते : सावकारानं प्रत्येक भरण्याची पावती दिली पाहिजे, वर्षाला हिशेबाचा उतारा दिला पाहिजे, आणि ऋणकोनं मागितलं तर पासबुक करून दिलं पाहिजे.

आपल्याकडं दामदुपटीचा नियम त्याच्याही आधीपासून होता. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, हा जुना हिंदू धर्मशास्त्रातला दंडक. नियम होता, पण मुद्दल किती हेच सावकाराच्या वहीत. मग दामदुप्पट कशाची मोजणार? पावतीनं ती वही पहिल्यांदा ऋणकोच्याही घरात आणली.

सावकारही काही स्वस्थ बसले नाहीत. गहाणखतावर कोर्ट हप्ते पाडतंय म्हटल्यावर गहाणाच्या जागी खरेदीखतं लिहून घ्यायला लागले. तोंडी करार असा, की ठरल्या मुदतीत पैसे दिले तर जमीन परत. तीच आमच्याकडची ‘मुदत खरेदी’. पुढं कायद्यात दुरुस्ती झाली आणि कागदावर काहीही लिहिलेलं असलं तरी व्यवहार खरा काय होता हे विचारायची मुभा कोर्टाला मिळाली. पण मुदत खरेदी काही गेली नाही. आजही ती ऐकू येते.

या सगळ्यात एक मोठी फट होती. कायदा ‘शेतकऱ्या’चा होता. ज्याची मुख्य उपजीविका शेतीवर, त्यालाच त्याचं दार उघडं. 1939 साली मुंबई सरकारनं शेतकरी ऋणको निवारणाचा कायदा केला, 1947 साली तो नव्यानं आला. त्यातही ऋणकोची परतफेडीची ऐपत मोजून कर्ज खाली आणायचं आणि उरलेल्याचे वर्षाचे हप्ते करायचे अशी सोय होती. पण तोही शेतकऱ्यासाठीच. जमीन माढ्यात, कमाई गिरणीत आणि कर्ज दोन्हीकडं, असा जो आमच्या घराघरातला माणूस होता, तो धड या रकान्यात बसायचा नाही, धड त्या. कामगार म्हणून त्याचं नाव ठळकपणे आलं ते महाराष्ट्राच्या 1975 च्या कर्जमुक्ती कायद्यात. त्यानं अल्पभूधारक, ग्रामीण कारागीर, शेतमजूर यांच्याबरोबर गरीब कामगारांनाही सावकारी कर्जातून सोडवलं. सावकार सुप्रीम कोर्टात गेले, आणि 1977 साली कोर्टानं कायदा उचलून धरला. मात्र सोसायटी आणि बँकेचं कर्ज त्यात नव्हतं, आणि त्या तारखेनंतर काढलेलं कर्जही नव्हतं.

आमचे थोरले चुलते, तात्या, नेमके याच फटीत सापडले. ते मुंबईच्या एका गिरणीत साच्यावर होते. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. साठेक गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार. दोन-तीन महिन्यांत मिटेल म्हणून लोक गावी आले, सुगी करून परत जाऊ म्हणाले. तो संप कधी रीतसर मागं घेतलाच गेला नाही. तात्याही कुर्डुवाडीला उतरले ते पत्र्याची पेटी घेऊन, आणि त्यांची नोकरी परत काही उभी राहिली नाही.

त्यांची कर्जं दोन. एक कामगारांच्या पतपेढीचं. सहकारी कायद्यात अशी तरतूद आहे की कर्मचाऱ्यानं लिहून दिलं की मालक पगारातूनच हप्ता कापून सोसायटीकडं भरतो. पगार असेपर्यंत माणसाला कळतही नाही. पगार थांबला की कपात थांबते, आणि पतपेढी जामीनदारांकडं वळते. तात्यांचे दोन्ही जामीनदार त्यांच्याच खात्यातले, म्हणजे तेही संपावर. दुसरं कर्ज गावातलं. 1979 च्या दिवाळीला विहिरीसाठी एका सावकाराकडून 3,000 रुपये घेतले होते, महिना शेकडा तीननं. कागद केला होता विहिरीसकट तीन एकराच्या मुदत खरेदीचा, मुदत पाच वर्षं. म्हणजे 1984 च्या दिवाळीला जमीन जायची.

घरात दोन मतं पडली. एक म्हणायचं, दोन एकर विकून मोकळं व्हा. दुसरं म्हणायचं, सावकाराकडं लायसन नाही, बुडवा, काय करतोय? तात्यांनी दोन्ही ऐकलं नाही. आमच्या काकूंनी डब्यात एक गोष्ट जपून ठेवली होती : तात्यांनी सावकाराला पाठवलेल्या मनिऑर्डरींच्या पोचपावत्या. शंभर-शंभराच्या अठरा. शाळेतल्या एका गुरुजींनी त्या पावत्यांवरून कागदावर हिशेब मांडून दिला आणि एक सल्ला दिला, “लायसनचं आपल्याला ठाऊक आहे एवढं त्यांना कळू द्या. तोंडानं काढू नका.”

तात्या दोन जाणती माणसं घेऊन गेले. मी तेव्हा शाळकरी, सोबत म्हणून मला नेलेलं. तात्या म्हणाले, “आण्णा, नोकरी गेली. आता परत मिळंल असं वाटत न्हाई. तुमचं बुडवायचं न्हाई, पण पयल्यावानी जमायचं न्हाई.” सावकार म्हणाले, “तीन वर्षांचं व्याज बत्तीसशे चाळीस झालं. अठराशे आलं. मुद्दल धरून चव्वेचाळीसशे चाळीस द्यायचं र्‍हातंय. त्यात मी काय सोडू?” हिशेब शेकडा तीननं बरोबर होता. तात्यांनी आपला कागद पुढं ठेवला. त्यावर वर्षाची कमाई लिहिली होती : ज्वारी किती होती, रोजगार हमीवर दोघा नवरा-बायकोचे किती दिवस भरतात, खायला किती लागतं, मागं किती उरतं. उरत होते सहाशेच्या आत.

बोलणं तीन बैठका चाललं. शेवटी ठरलं ते असं. पहिल्या दिवसापासून व्याज शेकडा एक धरायचं. तीन वर्षांचे 1,080 झाले. आलेल्या 1,800 मधून ते वजा करून 720 मुद्दलात जमा. राहिले 2,280. त्याचे चार हप्ते, प्रत्येकी 570, दरसाल ज्वारीची रास झाल्यावर, रोख किंवा बाजारभावानं धान्य. हप्ते येत राहिले तर पुढं व्याज नाही. लागोपाठ दोन चुकले तर व्याज पुन्हा सुरू. मुदत खरेदीची मुदत त्याप्रमाणं वाढवायची. आणि हे सगळं मूळ कागदाच्या पाठीवर लिहून दोन्ही माणसांच्या सह्या घ्यायच्या. सावकार शेवटच्या गोष्टीला नाराज होते, “सबूद पुरं न्हाई का?” म्हणाले. तात्या म्हणाले, “सबूद तुमचा माझा हाय. पोरांला कागद लागंल.”

सावकारांनी हे का कबूल केलं, यावर आमच्याकडं पुष्कळ बोलणं व्हायचं. कुणी म्हणे लायसनची भीती. ती असणारच, 1946 च्या सावकारी कायद्यानं परवान्याशिवायचा धंदा बेकायदा होता. पण मला त्या कमाईच्या कागदाचं महत्त्व जास्त वाटतं. सावकाराला समोरच्याचं रडणं रोजचं असतं. वर्षाला 570 रुपये निघतील आणि ते कुठून निघतील हे मात्र त्याला कुणी लिहून दाखवत नाही. जमीन घेतली असती तर ती कसायला माणूस बघावा लागला असता, कोर्टकज्जा झाला असता. त्यापेक्षा दरसाल रास झाली की दारात येणारे 570 बरे. पतपेढीलाही तात्यांनी असंच पत्र टाकलं : महिन्याला पंचवीस भरतो, प्रॉव्हिडंट फंडाचा हिशेब होईल तेव्हा उरलेलं त्यातून वळतं करा, तोवर जामीनदारांना त्रास देऊ नका. पतपेढीनं ते मान्य केलं. जामीनदार वाचले, ही गोष्ट तात्या जमीन वाचण्याच्या आधी सांगायचे.

आता सावकाराची जागा बऱ्याच ठिकाणी बँकेनं, फायनान्स कंपनीनं आणि बचतगटाच्या कर्जानं घेतली आहे. माढ्याची पोरं मुंबईऐवजी चाकण, रांजणगाव, चिंचवडला असतात. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी झाली आणि ती मोटारसायकलवरून, ट्रकमधून गावी आली, मागं हप्ते ठेवून. 27 मार्च 2020 ला रिझर्व्ह बँकेनं हप्ते पुढं ढकलायची मुभा दिली, आधी तीन महिने, मग 31 ऑगस्टपर्यंत. पुष्कळांना वाटलं हप्ते माफ झाले. माफ काही झालं नव्हतं, व्याज चालूच होतं. मार्च 2021 मध्ये सुप्रीम कोर्टानं एवढं सांगितलं की त्या सहा महिन्यांत व्याजावर व्याज लावायचं नाही. सुप्याच्या काळापासून शेतकऱ्याचं जे गाऱ्हाणं, तेच तिथं पोचलं होतं.

हप्ता कमी करून घेताना काय कमी होतं आणि काय वाढतं, हे तात्यांच्या गुरुजींसारखं कागदावर मांडून बघावं. समजा 3 लाख देणं बाकी आहे, व्याज वर्षाला 12 टक्के आणि मुदत 36 महिने. हप्ता बसतो साधारण 9,960 रुपये. मुदत वाढवून 84 महिने केली तर हप्ता येतो 5,300 च्या आसपास. निम्मं ओझं कमी झाल्यासारखं वाटतं. पण पहिल्या हिशेबात व्याज जातं सुमारे 59 हजार, दुसऱ्यात सुमारे 1 लाख 45 हजार. नोकरी नसताना हे परवडतं, कारण हप्ता थकून दंड लागण्यापेक्षा ते बरं. नोकरी परत लागली की मात्र लगेच जादा भरून मुदत खाली आणावी. एकरकमी तडजोडीत रक्कम सुटते, पण पतीच्या नोंदीत ‘फेडलं’ असं न लागता ‘तडजोड केली’ असं लागतं, आणि पुढचं कर्ज अवघड होतं. घासाघीस करायला बसण्याआधी यातलं आपल्याला काय हवं ते ठरलेलं असावं.

1879 च्या त्या समेटाच्या पंचांची आठवण व्हावी असं आज तालुक्याच्या कोर्टात भरणारं लोकअदालत आहे. खटला दाखल होण्याआधीही तिथं तडजोड करता येते, तिला हुकूमनाम्याचं बळ असतं आणि तिच्यावर अपील नाही. दिवाणी संहितेच्या आदेश 20 मधल्या नियम 11 प्रमाणं कोर्टाला पैशाच्या हुकूमनाम्याचे हप्ते करून देता येतात, आणि त्यासाठी आता ऋणको शेतकरीच असावा लागत नाही. गटाच्या लहान कर्जाला 2022 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, की घराच्या सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते घराच्या कमाईच्या निम्म्यावर जाऊ नयेत, आणि वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी, संध्याकाळी सहाच्या नंतर फोन करू नये. बेकायदा सावकारानं गेल्या पंधरा वर्षांत जमीन लिहून घेतली असेल, तर 2014 च्या कायद्यानं जिल्हा उपनिबंधकाकडं ती परत मागता येते. मुदत खरेदीत अडकलेल्या घरांनी हे लक्षात ठेवावं.

हे सगळे कायदे असूनही आमच्या भागात जमिनी जातात. कायद्याअभावी जातात त्याहून गप्प बसण्यानं जास्त जातात. नोकरी गेल्यावर माणूस पहिले सहा महिने कुणाला सांगत नाही, बायकोचं डोरलं मोडून जुनाच हप्ता भरत राहतो, आणि सगळं संपल्यावर सावकाराचा किंवा बँकेचा फोन घेणं बंद करतो. बोलणी करायची वेळ असते ती त्या सहा महिन्यांच्या सुरुवातीला, हातात थोडं शिल्लक असताना. तात्या संप सुरू झाल्यावर पहिल्याच दिवाळीच्या सुमाराला गेले होते. आणखी दोन वर्षं थांबले असते तर मुदत संपलेल्या कागदावर बोलायला काही उरलं नसतं.

1986 च्या सुगीत चौथे 570 गेले. सावकारांनी जमीन परत फिरवून दिली, तलाठ्याकडं फेरफार नोंदला गेला. पतपेढीचं त्याच्या आधीच फिटलं होतं. तिथून आलेल्या बेबाकीच्या दाखल्याची घडी तात्यांनी सातबाऱ्याच्या उताऱ्यात घालून ठेवली. कर्ज फिटलं की बेबाकीचा दाखला मागून घ्यायचा, तो मिळेपर्यंत फिटलं म्हणायचं नाही, असं ते आम्हा पोरांना सांगायचे. त्या विहिरीवर आता उसाचं पीक उभं असतं.